गाडी वळवताना चाकातून कटकट येतेय? एक्सल बदलायच्या आधी हे बघा

पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग फुल कट मारलं, थोडी रेस दिली आणि पुढच्या चाकातून कट कट कट कट असा आवाज आला, गाडी सरळ झाली की आवाज गायब, पुन्हा यू-टर्न घेतला की पुन्हा चालू. एवढं वर्णन फोनवर सांगितलं तरी कुठलाही मेकॅनिक गाडी न बघता सांगतो की एक्सल गेला, आणा गाडी, बदलून टाकू. आता गंमत अशी की बऱ्याचदा त्याचं बरोबरच असतं, पण "बऱ्याचदा" आणि "कायम" यात काही हजार रुपयांचा फरक आहे, कारण वळताना वाजणाऱ्या गोष्टी गाडीत सात-आठ तरी आहेत आणि त्यातल्या दोन-तीन तर फुकटात बंद होतात. म्हणून गॅरेजला जायच्या आधी अर्धा तास स्वतः कान लावून बघा, पाना हातात घ्यायची पण गरज नाही.

आधी आवाज नक्की येतो कुठून ते समजून घेऊ. अँबेसेडर, पद्मिनी या गाड्यांत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जायची, पुढची चाकं नुसती वळायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनीच गाडी ओढायची आणि पुढच्या चाकांनीच वळायचं हा प्रकार घराघरात पोचला. आज स्विफ्ट, वॅगन आर, आय टेन, टियागो, अर्टिगा, सगळ्या त्याच पद्धतीच्या. आता चाक वळलेलं असताना पण फिरवायचं म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जो दांडा जातो, ज्याला आपण सगळे एक्सल म्हणतो आणि पार्टच्या दुकानात ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात, त्याला दोन ठिकाणी सांधा पाहिजे. गिअरबॉक्सजवळचा तो इनर जॉइंट, चाकाजवळचा तो आउटर जॉइंट. दोन्ही सीव्ही जॉइंटच (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे वाकलेला असताना पण एकसारख्या वेगानं फिरवणारा सांधा), पण काम वेगळं. इनरवाला खड्ड्यात चाक वरखाली झालं की आतबाहेर सरकतो, आउटरवाला वळण सांभाळतो, तो जवळजवळ ४५ अंशापर्यंत वाकतो आणि तेवढा वाकलेला असताना पण ताकद पोचवतो.

आउटर जॉइंटच्या आत सहसा सहा स्टीलच्या गोळ्या असतात, त्या एका जाळीत बसवलेल्या असतात आणि आतल्या-बाहेरच्या वाटीला खाचा असतात त्यात त्या फिरतात. गाडी सरळ चालली की गोळ्या खाचेच्या मध्यावरच बसून असतात. चाक वळलं की मात्र प्रत्येक गोळी दर फेऱ्याला खाचेत पुढं-मागं पळते. आता वर्षानुवर्षं सरळ चालून खाचेच्या मध्यावर बारीक खळगा पडला असेल तर सरळ जाताना गोळी त्या खळग्यात निवांत असते, आवाज नाही काही नाही, पण वळताना तिला खळग्याच्या काठावरून चढून उतरावं लागतं आणि प्रत्येक चढउताराला टक. म्हणून तो आवाज फक्त वळताना येतो, म्हणून रेस दिली की वाढतो आणि म्हणून गाडीच्या स्पीडबरोबर फास्ट होतो. हे एवढं डोक्यात बसलं की बाकीचे संशयित ओळखणं सोपं जातं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुमची गाडी ओम्नी, इको, बोलेरो, जुनी इनोव्हा यापैकी असेल तर पुढच्या चाकांना ताकद जातच नाही, म्हणजे पुढं हा एक्सल नाही, म्हणजे "पुढचा सीव्ही जॉइंट गेला" असं कुणी सांगितलं तर तिथून चहा पिऊन निघा. फोर बाय फोर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पुढं पण शाफ्ट असतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पण निर्धास्त राहू नये, मोटर असली तरी चाकापर्यंत दांडा आणि जॉइंट तेच, उलट इंजिनचा आवाज नसल्यामुळं कटकट लवकर ऐकू येते, हा फायदाच.

जॉइंट सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला मारतो फाटका बूट. जॉइंटवर जे काळं रबराचं घडीघडीचं टोपण असतं त्याला बूट म्हणतात, आत ग्रीस भरलेलं असतं. रबर कडक होतं, घडीत चीर पडते, चाक फिरताना ग्रीस त्या चिरेतून बाहेर उडतं आणि त्याच वाटेनं धूळ-पाणी आत जातं. उन्हाळ्यात फाटलेला बूट एखादवेळी काही महिने निभावून नेईल, पण पावसाळ्यात, त्यातून कोकणातली लाल माती किंवा काळ्या रानातला चिखल आत गेला की ग्रीस आणि माती मिळून घासायची पेस्टच तयार होते आणि जॉइंटचं काम लवकर उरकतं. म्हणून मे महिन्याच्या शेवटी, वायपर बदलायला जाताच ना, तेव्हा पाच मिनिटं बूट पण बघून घ्या.

आता टेस्ट. पण टेस्टच्या आधी चाकाचे नट बघा. हे सगळ्यात आधी आणि चेष्टा नाही, पंक्चर काढल्यावर नट नीट आवळले नसतील तर चाक पण वळताना टकटक वाजतं, आणि तो आवाज ऐकत ऐकत घरी जायचा विचार करू नका, जागेवर थांबून नट आवळा. त्यानंतर टायरच्या नक्षीत खडी अडकलीय का बघा, व्हील कॅप हातानं हलवून बघा, कॅपची एक क्लिप तुटली की ती वळणावर मस्त वाजते. खडी कशी ओळखायची? छोट्या गाडीचं चाक १० च्या स्पीडला सेकंदाला साधारण दीड फेरा मारतं, खडी दर फेऱ्याला बरोबर एकदाच वाजणार आणि सरळ रस्त्यावर पण वाजणार. जॉइंट एका फेऱ्यात अनेकदा वाजतो आणि सरळ जाताना गप्प.

मग गाडी मोकळ्या मैदानात न्या, सकाळी लवकर, पोरं क्रिकेट खेळायला यायच्या आधी. सगळ्या काचा खाली, एसी बंद, गाणी बंद, डिकीतला पाना-जॅक आणि दारातल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर काढून ठेवा, नाहीतर त्यांच्याच मागं लागाल. स्टिअरिंग एका बाजूला फुल कट मारा, अगदी शेवटच्या टोकाला दाबून धरू नका, थोडं अलीकडं, आणि फर्स्ट गिअरमध्ये हळू गोल फिरवा. मग तसंच फिरताना थोडी रेस द्या. मग रेस सोडा. मग दुसऱ्या बाजूला तेच. मग रिव्हर्समध्ये दोन्ही बाजूंना. रिव्हर्स विसरू नका, जॉइंट नुकताच वाजायला लागला असेल तर पुढं जाताना गप्प बसतो आणि रिव्हर्सला फुल कट मारून रेस दिली की बोलतो. रेस दिल्यावर कटकट वाढली आणि सोडल्यावर कमी झाली किंवा थांबली, तर नव्वद टक्के आउटर जॉइंटच समजा.

कुठल्या बाजूचा? ढोबळ नियम असा की डावीकडं वळताना वाजलं तर उजवा, उजवीकडं वळताना वाजलं तर डावा, कारण वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. पण हा नियम कधीकधी फसवतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर पैसे लावू नका. एकाला बाहेर उभं करा, गाडीपासून चांगलं लांब, गोलाच्या बाहेर, आणि त्याला ऐकायला सांगा. कुणी नसेल तर लांबलचक कंपाउंडच्या भिंतीजवळून हळू वळण घ्या, भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि बाजू लगेच कळते. सोसायटीच्या बेसमेंटचा गोल रॅम्प असेल तर सोन्याहून पिवळं.

घाटात राहणाऱ्यांना मैदान पण नको. आमच्या मेहुण्याची गाडी वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना प्रत्येक हेअरपिनला सेकंड गिअरमध्ये टकटकायची, उतरताना त्याच वळणांवर चिडीचूप. त्याला तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, शॉकअप, लिंक रॉड (गाडीचं झुकणं रोखणाऱ्या आडव्या बारला जोडलेली छोटी दांडी) आणि "काही नाही हो, गाडी जुनी झालीय". पण चढताना वाजतं आणि उतरताना नाही, म्हणजे चाकावर ताकद असताना वाजतं, हे कळल्यावर शॉकअप आणि लिंक रॉड दोन्ही बाद, कारण त्यांना इंजिन ओढतंय का नाही याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना फक्त खड्डा कळतो. बूट बघितला तर खालच्या बाजूला बोटभर चीर.

आता बाकीचे संशयित. सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो शॉकअपचा वरचा माउंट आणि त्यातलं बेअरिंग. याची खूण म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून नुसतं स्टिअरिंग डावी-उजवीकडं फिरवलं तरी टक किंवा टंग असा आवाज येतो. उभ्या गाडीत चाक फिरत नाही म्हणजे सीव्ही जॉइंटची कटकट येऊच शकत नाही, प्रश्न मिटला. बॉनेट उघडा, दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि शॉकअपच्या डोक्यावर तळहात ठेवा, माउंट गेलेला असेल तर हाताला झटका लागतो, कधीकधी स्प्रिंग अडकून मग एकदम सुटते ते पण जाणवतं. हात ठेवताना पंख्याच्या पट्ट्यांपासून लांब, रेडिएटरचा फॅन कधीही चालू होतो.

लिंक रॉड आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे) रबरी बुश हे खड्ड्याचे कलाकार. एक चाक स्पीड ब्रेकरवर चढलं की खट, वळताना खड्डा आला की खट, पण गुळगुळीत रस्त्यावर गोल फिरवलं तर काही नाही. चाकाचं बेअरिंग कटकट करत नाही, ते घूंऽऽ करतं, स्पीडबरोबर वाढतं, साठ-सत्तरला लांबलचक वळणावर गाडी एका बाजूला झुकली की आवाज बदलतो. इनर जॉइंट गेला तर वळायची पण गरज नाही, सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरते आणि रेस सोडली की थरथर कमी. ब्रेक पॅडची क्लिप सैल असेल तर ब्रेक हलका दाबल्याबरोबर आवाज बंद होतो, ही चाचणी पण फुकट आहे, करून बघा. आणि आवाज जर चाकातून न येता स्टिअरिंगच्या आतून, छातीसमोरून येत असेल तर एअरबॅगची जी गुंडाळलेली वायर असते, क्लॉक स्प्रिंग, तिच्यावर संशय घ्या, खास करून हॉर्न मधेच वाजत नसेल किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल तर. त्याला घरी हात लावू नका, एअरबॅग आहे ती.

मडगार्डच्या आतलं प्लास्टिक राहिलंच. गाडी कुठंतरी फुटपाथला घासली, क्लिपा निघाल्या, प्लास्टिक लोंबलं आणि फुल कट मारला की टायर त्याला घासतो, फर्र फर्र किंवा टप टप वाजतं. दहा रुपयाच्या दोन क्लिपा. आणि कुणी मोठे टायर टाकले असतील तर त्याला हा आवाज सवयीचाच झालेला असतो.

टेस्टवरून आउटर जॉइंटवर बोट गेलं असेल तर आता बूट बघा. गाडी सपाट जागी लावा, स्टिअरिंग एका बाजूला फुल कट मारा म्हणजे चाकाची मागची बाजू उघडी पडते, गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा आणि मोबाईलची टॉर्च घेऊन चाकाच्या मागं बघा. बूटवर नुसती नजर फिरवून भागत नाही, चीर घडीच्या तळाशी असते आणि सरळ असताना मिटलेली असते, त्यामुळं बोटांनी घड्या फाकवून सगळीकडून फिरवत बघायला लागतं. त्याहून सोपी खूण म्हणजे ग्रीसचे शिंतोडे. रिमच्या आतल्या बाजूला, शॉकअपवर, लोअर आर्मवर एका रेषेत काळं चिकट फेकल्यासारखं दिसलं तर बूट फाटलाय किंवा त्याची क्लिप सुटलीय. गाडी नुकतीच धुतली असेल तर हा पुरावा पुसला गेलेला असतो, म्हणून वॉशिंगला टाकायच्या आधी बघा. ते ग्रीस बोटांवर चोळून बघा, गुळगुळीत लागलं तर अजून आशा आहे, कचकच लागली म्हणजे रेती आत पोचली.

बूट शाबूत असून पण जॉइंट वाजू शकतो, गाडी खूप पळालेली असेल तर. आणि गाडी उंच करायला स्प्रिंगखाली स्पेसर टाकून घेतलेत का, ते पण आठवा. त्यानं एक्सल सरळ रस्त्यावर पण जास्त वाकून चालतो, बूटच्या घड्या एकमेकींना घासतात आणि जॉइंट लवकर खलास होतो. ग्राउंड क्लिअरन्सच्या नादात हा हिशोब कुणी सांगत नाही.

हातानं खात्री करायची असेल तर पुढचं एक चाक उचला. कडक सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि जॅक लावल्यावर खाली स्टँड लावल्याशिवाय शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलायला आहे, खाली झोपायला नाही, तो सरकतो आणि सरकताना सांगत नाही. आता गाडी बंद, फर्स्ट गिअरमध्ये, एका हातानं एक्सलचा दांडा घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं चाक मागं-पुढं हलवा. आउटर जॉइंटमध्ये टिचकीएवढी ढिलाई आणि टक टक जाणवली तर तो गेलाय. मग चाक वर-खाली धरून हलवा, ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा सांधा), डावी-उजवीकडं धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांडीचं) टोक. एकदा चाक उचललंच आहे तर हे पण करून घ्या.

आता लोक विचारतात की किती दिवस चालवू शकतो. आवाज नुकताच चालू झाला असेल तर जॉइंट उद्या तुटणार नाही, गावातल्या गावात काही आठवडे सुद्धा निघतात. पण लांबचा प्रवास, घाट, भरलेली गाडी, हे टाळा. सरळ रस्त्यावर पण कटकट यायला लागली किंवा आवाज टकटक वरून खडाखड झाला तर मात्र थांबा. जॉइंट सुटला तर स्टिअरिंग हातातून जात नाही, पण इंजिन घुर्र करतं आणि गाडी जागची हलत नाही, सगळी ताकद तुटलेल्या बाजूनं निघून जाते, आणि सुटलेला दांडा फिरता फिरता ब्रेकचा पाइप नाहीतर गिअरबॉक्सची बॉडी फोडू शकतो. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, एक्सल तुटला की गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या पी मध्ये उभी केलेली गाडी उतारावर थांबत नाही, कारण ती गाडी धरून ठेवणारी पकड त्याच दांड्यातून चाकापर्यंत जाते. त्या वेळी हँडब्रेक आणि चाकाखाली दगड, दुसरं काही नाही.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत. बूट फाटलाय पण आवाज अजून नाही आणि ग्रीसमध्ये कचकच नाही, तर फक्त बूट किट, काही शेकड्यांत काम आणि वर मजुरी. आवाज चालू झालाय तर नुसता बूट आणि ग्रीस घालून उपयोग नाही, नवीन ग्रीसनं आठ-पंधरा दिवस आवाज दबतो, खाचेतला खळगा काही भरून येत नाही. तेव्हा आउटर जॉइंट किट, ज्यात जॉइंट, बूट, ग्रीस, क्लिपा, सर्कलिप (जॉइंट दांड्यावर अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) आणि नवीन नट येतो. एकाच दांड्याचे इनर आणि आउटर दोन्ही जॉइंट ढिले असतील, दांड्यावर गंज असेल किंवा तुमच्या गाडीचा जॉइंट वेगळा मिळतच नसेल तर पूर्ण एक्सल असेंब्ली, तो काही हजारांत जातो. एकच बाजू वाजत असेल तर एकच बाजू करा, ब्रेक पॅडसारखं जोडीनं बदलायची काही गरज नाही. दुसऱ्या बाजूचा बूट मात्र तपासून घ्या, वय दोघांचं सारखंच.

गॅरेजमध्ये गेल्यावर "आवाज येतोय बघा जरा" असं म्हणू नका. असं म्हणा: "मिस्त्री, उजवीकडं फुल कट मारून रेस दिली की डाव्या चाकातून कटकट येते, सरळ जाताना येत नाही, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तरी येत नाही, डाव्या आउटरचा बूट फाटलाय." तुम्ही असं बोललात की समोरचा माणूस लिंक रॉड, बुश, माउंट अशी यादी करत नाही. जुना पार्ट परत मागा, हातात घेऊन वाकवून बघा, अडखळत वाकला तर समाधान होतं. जुना किंवा रिकंडिशन एक्सल घेणार असाल तर बूट उघडून बघू द्या म्हणावं, बाहेरून रंग मारलेला एक्सल म्हणजे आतून चांगला असा अर्थ होत नाही. आणि जी अर्धवट कापलेली, चिकटवून बसवायची बूट मिळतात ना, एक्सल न काढता बसतात अशी, ती रस्त्यात अडकल्यावर ठीक, कायमची म्हणून घालू नका, जोड सुटतो.

ज्यांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठी. पूर्वी सस्पेन्शन उघडायचं काम केलं असेल तरच हात घाला आणि तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवा. सगळ्यात आधी गाडी चाकावर उभी असतानाच हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मधला मोठा नट ढिला करायचा. तो नट ठोकून लॉक केलेला असतो, ती दाबलेली कडा छोट्या छिन्नीनं उचला, नाहीतर आटे जातील. कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा आणि लांब टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा) लावा. बऱ्याच छोट्या गाड्यांना ३० किंवा ३२ चा सॉकेट लागतो, पण आधी मोजा, गोल झालेला नट काढणं हा वेगळा त्रास आहे. मग जॅक, स्टँड, चाक बाहेर. एबीएसच्या सेन्सरची वायर आणि ब्रेकचा पाइप ज्या क्लिपांत अडकवलाय त्यातून सोडवून घ्या, ताण बसला की सेन्सर गेला. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवा म्हणजे नकल (हब ज्यात बसवलेला असतो तो भाग) बाहेर झुकतो आणि दांडा हबमधून निघतो. निघत नसेल तर नट टोकापर्यंत परत फिरवून त्याच्यावर लाकूड ठेवून ठोका, थेट दांड्याच्या टोकावर हातोडी मारली की आटे फुलतात. सुटलेला दांडा लोंबत ठेवू नका, तारेनं बांधा, आणि बाहेर ओढू तर अजिबात नका, ओढला की आतला जॉइंट आतल्या आत सुटतो.

बूटच्या क्लिपा कापा, बूट मागं सरकवा, ग्रीस पुसून घ्या. आउटर जॉइंट सर्कलिपवर अडकलेला असतो, पितळेच्या ड्रिफ्टनं (ठोकायच्या सळईनं) आतल्या वाटीवर नेम धरून एक-दोन फटके दिले की सटकतो. काही गाड्यांत तो निघतच नाही, त्यात पूर्ण एक्सल काढून इनर बाजूनं बूट घालायला लागतो, म्हणून मॅन्युअल बघा म्हटलं. नवीन बसवताना क्रम सांभाळा, आधी छोटी क्लिप, मग बूट, मग जॉइंट. जॉइंट ठोकून बसवल्यावर लक्षात येतं की क्लिप बाहेरच राहिली, हे गॅरेजमध्ये पण होतं. बूट सरकवताना दांड्याच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर नवीन बूट जागेवरच चिरेल. सर्कलिप नवीनच.

ग्रीस किटमध्ये येतं तेच घाला, सगळं. साधारण मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस असतं. गोळ्यांच्या मधे बोटानं दाबून भरा, उरलेलं बूटमध्ये. डब्यातलं पिवळं चेसिस ग्रीस इथं चालत नाही, आणि इनरचं ग्रीस वेगळं दिलं असेल तर अदलाबदल करू नका. मोठी क्लिप लावायच्या आधी बूट त्याच्या नेहमीच्या लांबीवर ठेवा आणि छोट्या तोंडात पातळ बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून आतली हवा सोडा, नाहीतर बूट फुगून नाहीतर आत ओढला जाऊन पहिल्याच महिन्यात फाटतो. प्लॅस्टिकचे केबल टाय लावून कुणी "हे पण चालतंय" म्हणालं तर चालत नाही, गरम झालं की ते सरकतात.

जोडताना हबचा नट नवीन, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळायच्या जोरावर. छोट्या गाड्यांत तो बहुधा दीडशे ते दोनशे न्यूटन मीटरच्या आसपास असतो, अंदाजानं आवळायची ही जागा नाही, टॉर्क रेंच भाड्यानं आणा. तो पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकून गाडी ढकलू नका, बेअरिंग त्या नटनंच दाबून धरलेलं असतं, नट ढिला असताना वजन घेऊन गाडी हलली की बेअरिंग जातं. म्हणजे कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून चाक हवेत असतानाच आवळलेलं बरं. नट बसला की त्याची कडा दांड्याच्या खाचेत ठोकून लॉक करा. चाकाचे नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा. नुसता बॉल जॉइंट सोडवला असेल तर अलाइनमेंट सहसा हलत नाही, शॉकअपचे नकलला लावलेले दोन बोल्ट काढले असतील तर मात्र करून घ्या.

झालं की परत त्याच मैदानात त्याच गोल फेऱ्या. कटकट बंद व्हायला पाहिजे. बंद झाली पण पुढं-मागं करताना, म्हणजे फर्स्टवरून रिव्हर्सला टाकून गाडी हलली की एकदाच टक होत असेल, तर जॉइंटचा खांदा आणि हब जिथं एकमेकांना टेकतात तिथं कोरडं घासतंय, नट काढून तो भाग साफ करून पातळ पेस्ट लावली की जातं, पुन्हा नवीन एक्सलवर खर्च करू नका. आणि एक्सल गिअरबॉक्समधून काढला असेल तर गिअर ऑइलची लेव्हल भरून घ्या आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी त्यावर तेलाचा डाग दिसला तर एक्सल घालताना ऑइल सीलची कडा दुमडलीय, सील बदलेपर्यंत ती गाडी लांब नेऊ नका.